उभा न राहिलेला फागोट

मी फागोट बोलतोय. परदेशात मला बॅसून म्हणतात; पण मी जन्मलो चेक मुलखातल्या बोहेमियात, डोंगरावरच्या मेपलच्या लाकडातून, म्हणून मला माझं इथलंच नाव प्यारं आहे. माझी नळी सरळ उभी केली तर छताला टेकेल, त्यामुळे कारागिराने ती मधोमध दुमडली. वरच्या वाकड्या धातूच्या नळीला बोरूची दुहेरी जिभली, सनईला असते तशी. फुंकर तिथे घालायची. आवाज मात्र माझ्या पोटातून निघतो.

माझा पहिला धनी गिरणीवाला होता. त्याच्या दाढीतलं पीठ माझ्या छिद्रांत जाई आणि लग्नाच्या नाचात मी शिंकल्यासारखा वाजे. पुढे मी व्लास्ताबाईंकडे आलो. त्या गावच्या संगीतशाळेत शिकवतात आणि गावच्या वाद्यवृंदात मला वाजवतात. रोज वाजवून झालं की त्या मला आतून पुसून कोरडा करतात. इतकी माया माणसं माणसांवरही करत नाहीत.

पण अलीकडे माझ्याकडे कुणी फिरकेना. मुलांना गिटार हवी असते, नाहीतर पियानो. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "व्लास्ताबाई, यंदा एकही नवं मूल आलं नाही तर फागोटचा वर्ग बंद. हे वाद्य संग्रहालयाला देऊन टाकू."

संग्रहालयात काचेची कपाटं आहेत. तिथे फुंकर पोचत नाही.

त्याच वसंतात शाळेतल्या मुलांना वाद्यांची ओळख करून द्यायचं ठरलं. वाद्यवृंदाचा तरुण संचालक रादेक मोठ्या उत्साहाचा. त्याने मुलांना समोर न बसवता थेट आमच्या खुर्च्यांमध्ये बसवलं.

"पोरांनो, इथे चार घराणी नांदतात," तो म्हणाला. "ज्या घराण्याचं नाव घेईन, त्याने उभं राहून वाजवायचं!"

तंतुवाद्यं उठली. चेलो गुडघ्यांत धरायचं वाद्य, म्हणून चेलोवाल्यांना त्याने हातानेच बसा म्हटलं. तारांवरून गज फिरले आणि मुलांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ऐकतोय, माझ्याही येतो. मग पितळी घराणं उठलं. त्याचा आवाज म्हणजे डोंगरावर फुटलेलं तांबडं. तालवाद्यांनी तर जमीनच हलवली.

"आता लाकडी घराणं!"

"बासरी तर चांदीची आहे!" एक मुलगा ओरडला.

"पूर्वी लाकडाची असायची. घर बदललं म्हणून आडनाव बदलतं का?" रादेक हसला.

बासरी उठली, ओबो उठला, क्लॅरिनेट उठली. व्लास्ताबाई बसूनच राहिल्या.

"बाई, उठा ना!"

"बाईंना खुर्चीने धरून ठेवलंय!" मागून नगारेवाले कुबातकाका म्हणाले. सगळी मुलं खिदळली. मी लाजेने आक्रसलो. आधीच कुणी मला मागत नव्हतं, त्यात हे.

"अरे रादेक, मी याच्या पट्ट्यावर बसलेय," बाई म्हणाल्या. "उठून वाजवायला गेले तर हा हातातून निसटेल."

रादेकने कपाळावर हात मारला. तेवढ्यात शेजारी बसलेलं कुणीतरी बाईंच्या खुर्चीखाली वाकलं. योहाना नावाची, पुढचे दात पडलेली मुलगी. खुर्चीवरून येऊन माझ्या तळाला अडकवलेला चामडी पट्टा तिने बोटाने ओढून पाहिला.

"म्हणजे तुमच्या वजनावर हा उभा आहे?"

"हो गं."

"मग तुम्ही जाड आहात तेच बरं!"

सभागृह हसून लोळलं. सगळ्यांत जोरात बाई हसल्या. "फार चुरचुरीत आहेस! ये, बस तूच पट्ट्यावर."

योहाना बसली. मी तिच्या डोक्यावर दोन वीत उरलो. बाईंनी मला सावरून धरलं. "बोटं कुठेच ठेवू नकोस. फक्त फुंक."

तिने गाल फुगवले. आधी नुसती हवा, मग बोकडासारखं बें-बें, आणि मग एक गोल, गरम स्वर. तो पट्ट्यातून खुर्चीत आणि खुर्चीतून तिच्या अंगात शिरला.

"आई, पोटात वाजतंय!"

"अगं, ते तुझ्याहून उंच आहे," तिला न्यायला आलेली आई दारातून म्हणाली. "व्हायोलिन घे की छानसं."

"उंच असू दे. मला वाजवायचंय, त्याच्याशी लग्न नाही लावायचंय!"

कार्यक्रम संपून खसखशीचे गोड पाव वाटले जात होते, तरी ती उठेना. बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "एक मूल म्हणालो होतो. आलं."

आता योहाना आठवड्यातून दोनदा येते. शेजारचा कुत्रा तिच्या प्रत्येक स्वराला उत्तर देतो. मला मुलांच्या आईबापांना एवढंच सांगायचंय: आमची घराणी चित्रांत दाखवून थांबू नका. पोरांना आमच्या इतकं जवळ आणा की आमचा स्वर त्यांच्या हाडांत उतरेल. मग कोण कुणाला निवडतं, ते आमच्यावर सोडा.

तिचा अंगठा अजून माझ्या सर्वांत खालच्या स्वराच्या चावीपर्यंत पोचत नाही. तो खोल स्वर मी तिच्यासाठी राखून ठेवलाय. मला घाई नाही.