पहिली गार बाटली

“अहो मिस्त्री, प्या ना! पहिली बाटली तुमची,” म्हणत दुकानवाल्या ताईंनी काळ्या पेयाची बाटली पुढे केली. काच थेंबांनी डवरली होती.

तीन तास फ्रीजच्या पाठीशी घाम गाळून मिस्त्रींच्या घशाला कोरड पडली होती. तरी त्यांनी बाटली नुसती गालाला टेकवली. “झकास गार झालीय. आता निर्धास्त राहा, ताई.”

ताईंचा चेहरा उतरला. दुरुस्त झालेल्या फ्रीजमधली पहिली बाटली मिस्त्रीनं प्यायची, ही बाजारातली जुनी रीत. तीच कामाची हमी.

“मागच्या मिस्त्रीनंही असंच टाळलं होतं. दोन दिवसांत फ्रीज बंद, सगळं दूध नासलं. खरं सांगा, काही खोट राहिलीय का?”

“फ्रीजमध्ये नाही हो, माझ्यात आहे.” मिस्त्री हसले. “माझ्या दोन्ही किडन्या कामचुकार निघाल्यात. सुटे भाग मिळेनात, म्हणून आहेत त्याच जपून चालवतोय.”

हे त्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. दिवसाचं पाणी बायको सकाळीच मोजून देई. एकदा तो नेम मोडला, तर पाय सुजून खांब झाले, दोन पायऱ्या चढताना धाप लागली. आजच्या मापातलं आता संध्याकाळच्या चहापुरतंच उरलं होतं. जगाच्या ओठी गारवा द्यावा, आपल्या ओठी घोट मोजावा. पण त्यांच्या तोंडून कधी गाऱ्हाणं निघालं नाही.

ताई ओशाळल्या. “मग राहू द्या. मला काय ठाऊक!” पण त्यांची नजर पुन्हापुन्हा फ्रीजकडे जात होती. दुकान उघडून जेमतेम महिना झालेला. धाकधूक लपत नव्हती.

“थांबा, रीत मोडायची नाही,” मिस्त्री म्हणाले. “फक्त काळं नको. ती पांढरी, लिंबाची द्या बघू.”

त्यांनी चष्मा चढवला, टॉर्च लावला आणि बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला घेतली.

“तारीख ताजी आहे हो!”

“तारीख नाही, फॉस्फरस शोधतोय. काळ्यात बहुतेक असतोच. माझ्या किडन्या त्याला बाहेर काढत नाहीत, मग तो हाडं पोखरतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, ‘फॉस’ दिसलं की बाटली खाली.” बोट सरकत शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. “हिच्यात नाही. पोटॅशियमही नाही, तेही मला वर्ज्यच. ओता, चहाच्या कपानं अर्धा. वर थेंब नको.”

ते स्टुलावर बसले आणि एकेक घोट तोंडात घोळवत, सावकाश प्यायले.

“आता तुमचा फ्रीज पक्का.”

ताई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. “आणि तुम्ही?”

“माझी हमी डॉक्टरीणबाईंकडे!”

संध्याकाळी घरी चहा पुढे आला, तेव्हा मिस्त्रींनी हात आडवा धरला.

“का हो? कुठे प्यायलात?” बायकोनं विचारलं.

“कामावर.”

“काळं?”

“पांढरं. वाचून. अर्धा कप.”

तिनं चहा भांड्यात परत ओतला, स्वच्छ रुमालाचं टोक भिजवून घट्ट पिळलं आणि त्यांच्या सुकलेल्या ओठांवरून हलकेच फिरवलं.