नवव्या पानावरचा हेर

मित्रांनो, मी युद्धाच्या काळात दहा सेंटांना मिळणारा चित्रकथांचा एक जुना अंक आहे. माझ्या चौसष्ट पानांत सात साहसकथा आहेत. माझ्या चित्रकाराला पानं घाईघाईने पुरी करायची होती. म्हणून नवव्या पानावरचा जपानी हेर त्याने जिवंत माणसाकडे न बघताच काढला. पिवळाजर्द चेहरा, पुढे आलेले दात, गोल चष्मा. हा हेर बुटांत गुप्त कागद लपवतो आणि आमचा उडणारा नायक वादळवीर त्याची मानगूट धरतो.

१९४२च्या वसंतात अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या दहा वर्षांच्या व्हर्ना लिंडगेटने मला विकत घेतलं. तिचा भाऊ आरमारात गेला होता. त्याची आठवण आली की ती मला उघडून बसायची. तिच्या बोटांनी माझे कोपरे मऊ झाले. एवढं प्रेम मिळाल्यावर मी फुगून गेलो, हे कबूल करतो.

गल्लीच्या टोकाला जपानी वंशाचे मिस्टर हमादा जोडे दुरुस्त करायचे. व्हर्नाने भावाचे जुने बूट स्वतःला घालायला म्हणून त्यांच्याकडे दुरुस्तीला टाकले होते. एका दुपारी मला काखेत मारून ती बूट आणायला गेली आणि काचेबाहेरच थबकली. मिस्टर हमादा एका बुटात घडी घातलेला कागद सरकवत होते.

ती धावत घरी आली. "आई, हमादा बुटात कागद लपवतायत!"

"काहीतरी बरळू नकोस."

"देवाशपथ! हे बघ, अगदी असंच!"

तिने मला फडफडवत उघडलं. शेजारच्या मिसेस ऑडन कॉफी प्यायला आल्या होत्या. त्यांनी माझं नववं पान निरखलं. "मला वाटलंच होतं. एवढा गप्प माणूस!" म्हणत त्या पोलिसांना फोन करायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी दोन सरकारी माणसं आली. फळीवरच्या एकेका बुटाचा तळ त्यांनी फाडला. शेवटच्या जोडातून कागद निघाला. वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर पावाची जाहिरात.

"हे काय आहे?"

"बूट भावाचे, पाय पोरीचे," मिस्टर हमादा म्हणाले. "सैल होतील म्हणून पुढे कागद घातला."

दाराशी गर्दीत उभ्या असलेल्या व्हर्नाने ते ऐकलं. मीही ऐकलं. मला बोलता येत नव्हतं. तिला येत होतं, पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तरीही सरकारी माणसं मिस्टर हमादांना घेऊन गेली; त्या दिवसांत जपानी असणं एवढंच पुरेसं होतं.

त्यानंतर व्हर्नाने मला कधी वाचलं नाही. युद्धासाठी रद्दी गोळा झाली, तेव्हा माझे सगळे सोबती गेले. मला मात्र तिने गादीखाली दडवलं. मी गेलो असतो तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

युद्ध संपलं. जपानी लोकांना कोंडून ठेवायच्या सरकारी छावणीत साडेतीन वर्षं काढून मिस्टर हमादा परतले. दुकान दुसऱ्याचं झालं होतं. एका हॉटेलच्या तळघरात ते जोडे शिवू लागले. चौदा वर्षांची व्हर्ना मला घेऊन तिथे गेली.

"तुमचं नाव मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "हे वाचून."

त्यांनी नववं पान पाहिलं. "यात माझ्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही."

"मग?"

तिने मला त्यांच्या फळीवर ठेवलं.

"माझ्याबरोबर माझ्या बायकोलाही नेलं होतं. ती त्या छावणीतच वारली," ते हळूच म्हणाले. "तुला माफ केलं असं म्हणायला आज माझी जीभ रेटत नाही, पोरी. पण तू आलीस. आत ये आणि दार लाव, थंडी येतेय."

व्हर्ना आत गेली. मला त्यांनी परत दिलं नाही, फाडलंही नाही. मी त्यांच्या फळीवर उघडाच राहिलो.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी सांगणार नाही. वादळवीराबरोबर खुशाल उडा. फक्त माझ्या चित्रांवरून शेजारचा माणूस ओळखू नका. त्याला आधी विचारा.