छत्तीस खण आणि आंब्याची लावणी

एके काळी, मित्रांनो, मराठवाड्याची सगळी जमीन माझ्या पोटात क्रमानं लावलेली होती. सगळी म्हणजे वैजापूरकडच्या चार गावांची. त्यातल्या एका गावाचे कागद वाळवीनं खाल्ले होते.

मी सागवानी लाकडाची, दहा फूट लांबीची, आता बरीच जुनी झालेली मांडणी. अजिंठ्याच्या मुबारक सुतारानं मला निजामाच्या अमदानीत एका कचेरीसाठी घडवलं. एका ओळीत छत्तीस उभे खण, आणि प्रत्येक खणाच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात उर्दूचं एकेक अक्षर. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून उजव्या टोकाला अलिफ, मग बे, मग पे, असं सरकत सरकत डाव्या टोकाला ये. उर्दूत ज़ चार-पाच तऱ्हेचा असतो. ते खण बहुधा रिकामेच राहत. कारकून त्यांत भाकरी ठेवायचे.

पुढं पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीचा कारभार हळूहळू मराठीत आला. माझी अक्षरं कुणाला नकोशी झाली. लिलावात मला नानासाहेबांनी उचललं आणि औरंगाबादेत आपल्या घरी आणलं. वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पहिल्याच दिवशी मला सोड्यानं घासलं. लाकूड उजळलं, अक्षरं गेली.

नानासाहेब पाचोडच्या जमीनदार घरातले, नोकरीला पाटबंधारे खात्यात. त्यांना गाण्यांच्या तबकड्यांचा नाद होता. पूर्वी मी कागद सांभाळले, ते जन्मात कधी बोलले नाहीत. तबकडी मात्र खणातून निघाली की समोरच्या ग्रामोफोनवर गायला लागे. माझ्या पोटात वर्षानुवर्षं मुकाट बसलेली बाई बाहेर जाऊन एवढं गाते कशी, याचं मला फार कुतूहल वाटे. आत असताना तिनं कधी खोकूनसुद्धा दाखवलं नव्हतं.

येणारे-जाणारे माझं कौतुक करत. नानासाहेब माझ्यावर हात फिरवून सांगत, "अशी मांडणी अख्ख्या शहरात दुसरी नाय." ते खरंही होतं. दहा फुटांची भिंत दुसऱ्या कुणी अशी वाया घालवली नव्हती.

हे शेवटचं वाक्य माझं नव्हे, वच्छलाबाईंचं.

"नऊ वर्षं झाली," त्या एकदा म्हणाल्या, "मी सैपाकघरात धुरात बसून शिलाई मशीन चालवते. उजेडाची भिंत घरात एकच, अन् ती ह्या लाकडानं अडवली. आमचा भाऊ बन्सी पाचोडात बियाण्याचं दुकान टाकतोय. त्याला देऊन टाका."

"हे नुसतं लाकूड नाय. संग्रह हाय हा."

"संग्रहात वस्तू सापडत असती. परवा तुम्ही एक रेकॉर्ड शोधत होता, तवर पाव्हणे जेवले, पान खाल्लं अन् गेले."

नानासाहेबांना हे लागलं. मग दोघांत ठरलं. रविवारी बन्सी गाडी घेऊन येईल. त्याच्यासमोर वच्छलाबाई एक तबकडी मागतील. नानासाहेबांनी तीन खणांत हात घालायचा. सापडली, तर मांडणीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही सापडली, तर मी पाचोडला. मध्ये कुणी बोलायचं नाही.

मित्रांनो, आपल्या नशिबाची अशी बोलणी आपल्यासमोरच चाललेली असावीत आणि आपण लाकडाचे असावं, हा अनुभव कुणाला येऊ नये.

नानासाहेबांनी लगेच शेजारच्या वहिदाला बोलावलं. तिचे वडील अन्सारभाई हिमरूच्या शाली विणत. ती नुकतीच शाळेत मास्तरीण झाली होती आणि तिच्या नीटनेटकेपणाचा गल्लीत धाक होता. शनिवारची अख्खी दुपार दोघं माझ्यासमोर बसले.

"काका, गाणाऱ्याच्या नावानं लावू की गाण्याच्या?"

"गाण्याच्या. पहिला शब्द धर. गाणाऱ्याच्या नावानं लावलं तर भागूबाईचाच खण फुटंल."

"पण एका रेकॉर्डला दोन बाजू, दोन गाणी. मग अक्षर कुठलं?"

हा प्रश्न कचेरीत कधी पडला नव्हता. नानासाहेबांनी बराच विचार केला. "जी बाजू जास्त घासली असंल, ती खरी."

"आणि सनई? तिला तर शब्दच नाहीत."

"मग सनईच्याच नावानं ठेव. बाकी तू शिकलेली हायेस. क्रमानं लाव म्हंजे झालं."

ते बाजारात गेले. वहिदानं फडकं घेतलं, एकेक तबकडी पुसली, घासलेली बाजू उजेडात पाहिली आणि खणांत लावली. मला इतक्या प्रेमानं कुणीच हाताळलं नव्हतं. फक्त एक गोष्ट मला वेगळी वाटली. तिनं डावीकडून सुरुवात केली.

रविवारी बन्सी आला. सोबत दोरखंडही आणला होता, म्हणजे बहिणीवर त्याचा विश्वास होता.

वच्छलाबाई म्हणाल्या, "ती आंब्याची लावणी काढा."

नानासाहेबांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. आंब्याचा आ. ते थेट उजव्या टोकाला गेले आणि पहिल्या खणात हात घातला. हमालाची नक्कल निघाली.

"एक," बन्सी म्हणाला.

नानासाहेबांनी तबकडी उलटून पाहिली, जणू मागच्या बाजूला आंबा असेल. मग पुटपुटले, "पोरीनं गाणाऱ्याच्या नावानं लावली जणू. भागूबाई." उर्दूत भ बेमध्येच धरतात, आणि अलिफनंतर बे. दुसऱ्या खणातून सनई निघाली.

"दोन. दाजी, दमानं घ्या."

खणांतल्या अंधारात मला सगळं ठाऊक होतं. बघायला आलेल्या वहिदालाही आता कळलं होतं. तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं आणि नजर माझ्या डाव्या टोकाला खिळवली होती. पण नानासाहेबांची तिच्याकडं पाठ होती.

"दुसऱ्या बाजूचं अक्षर धरलं असंल," ते म्हणाले. "मागं पैठणीचं गाणं हाय." पे. तिसरा खण. शिमग्याची सोंगं निघाली.

बन्सीनं तीन म्हटलं नाही. तो दोरखंड सोडवायला लागला.

"मी मुद्दाम सोपी मागितली होती हो," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "मला अक्षर येत नाय, पण कुठल्याबी शाळेत आ पहिलाच असतो, एवढं ठाऊक होतं."

वहिदा डाव्या टोकाशी गेली आणि पहिल्याच खणातून आंब्याची लावणी काढून तिनं नानासाहेबांच्या हातात दिली. "काका, मी अ आ इ ई नं लावलं. तुमच्यासाठी."

"अन् मी धरून चाललो, अन्सारभाईची लेक अलिफ बे नंच लावणार."

"माझं सगळं शिक्षण मराठीत झालं, काका."

"माझं समदं उर्दूत," नानासाहेब म्हणाले. "तेव्हा शाळा तीच होती. मराठी घरी शिकलो, तीबी बोलण्यापुरती."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघांनी दुसऱ्याची सोय पाहिली होती आणि विचारलं कुणीच नव्हतं. वच्छलाबाईंनी गाडीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. पण शब्द तो शब्द. त्यांनी स्वतः माझं एक टोक धरलं.

आता मी पाचोडला आहे. माझ्या खणांत कांद्याचं आणि कापसाचं बी असतं. बाजाराच्या दिवशी बन्सीला काहीही सापडत नाही, पण त्याला त्याचं वाईट वाटत नाही. तिकडं औरंगाबादेत, मी अडवलेल्या भिंतीपाशी आता शिलाई मशीन चालते म्हणे.

मित्रांनो, एवढीच विनंती. वस्तू पुसा, जपा, क्रमानं लावा. पण ज्याला त्या शोधायच्या आहेत तो कुठल्या टोकापासून मोजतो, हे आधी त्याला विचारा. माझ्या खणांना दोन्ही टोकं सारखीच होती. माणसांना नसतात.

तबकड्या एकूण एकोणीस होत्या.