चष्मा विसरलेली बायको

मेटल बँडवाल्यांनी अँप्लिफायर घरी ठेवून सुताराच्या कारखान्यात गाणी रेकॉर्ड करायला बसावं, म्हणजे कमालच झाली! पण डरकाळ्याने हट्टच धरला होता. डरकाळ्या म्हणजे बँडचा गायक. वीस वर्षं घशातून असे आवाज काढत आला होता की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. आणि सुतार म्हणजे त्याचे बाबा.

बाबांची गाणी सगळी मरणाची, आणि सगळी पोट धरून हसवणारी. आई होती तोवर रंधा मारता मारता ते गायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून तोंड मिटलं ते मिटलंच. डरकाळ्याला सगळी गाणी येत होती. फक्त एकाचं शेवटचं कडवं काही केल्या आठवत नव्हतं. विचारलं की बाबा म्हणायचे, "विसरलो." म्हणून हा खटाटोप. समोर बसून गायलं तर म्हाताऱ्याला राहवणार नाही, असा त्याचा हिशेब.

ड्रमरने पालथ्या खोक्यावर ठेका धरला, साधी गिटार वाजू लागली.

*बायको मेली, पोचवून आलो, टेकलो जरा खाटेला,*
*दारात उभी: चष्मा विसरले, दिसेना काही वाटेला!*

बायकोची ओळ आली आणि सवयीने डरकाळ्याच्या घशातून राक्षसच बाहेर पडला.

"अरे, थांब थांब!" बाबांनी रंधा आपटला. "तुझी आई अशी गुरगुरायची का रे? मेली म्हणून काय झालं, बाईमाणूस आहे ती!"

"मग तुम्हीच दाखवा."

बाबांनी दाखवलं. बारीक, नाकातला, जरा तणतणता सूर. हुबेहूब आई! मग पुढचं गाणं बाबाच गात सुटले. चष्म्यानंतर गाण्यातली बायको कवळीसाठी आली, मग चपलांसाठी, मग नुसतीच 'घोरू नका' म्हणून सांगायला. ड्रमर हसून हसून बेजार झाला. शेवटी नवरा विचारतो:

*सगळं नेलंस, आता सांग गं, राहिलं काय घरात?*

इथे बाबा थांबले. घरात जाणाऱ्या आतल्या दाराकडे बघत राहिले.

"पुढे?" डरकाळ्याने विचारलं.

"पुढे तिचं. ते कडवं माझं नव्हतंच. ती आतून उत्तर द्यायची, रोज नवीन. कधी मला शिव्या, कधी तुला. 'पोरगं राहिलंय, त्याला जेवायला हाक मारा,' असंही म्हणायची."

"मला कसं कधी ऐकू आलं नाही?"

"तुझ्या कानांत हेडफोन असायचे ना," बाबा सहज म्हणाले.

एवढी वर्षं एका भिंतीपलीकडे! डरकाळ्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. एकदा, फक्त एकदा, ती काय म्हणायची ते ऐकायला हवं होतं.

"आपणच काहीतरी जुळवून टाकू या का?" गिटारवाला हळूच म्हणाला.

"नको," डरकाळ्या म्हणाला.

बाबांनी पुन्हा तीच ओळ म्हटली. या वेळी डरकाळ्याही दाराकडे तोंड करून बसला. ठेका चालू होता, रेकॉर्डिंग चालू होतं, आणि तिच्या ओळीची जागा येऊन गेली तरी बापलेक वाट बघत होते.