अर्ध्या वाटेवरचं माहेर

तिकीटवाल्या बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा मास्तरांकडे वळवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागल्या. आकडा वाईट असला की त्या असंच करायच्या.

मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत. जुन्या सोफ्यांना आणि गाड्यांच्या सीटना नवं कापड चढवून द्यायचं त्यांचं दुकान होतं. हातात कात्री असणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. अंगाने धिप्पाड, बोलायला मात्र दोन शब्दांत आटपणारे.

"मागच्या आठवड्यात एवढं नव्हतं," ते म्हणाले.

"मागच्या आठवड्याचा भाव मागच्या आठवड्याबरोबर गेला, मास्तर."

"विमान तेच, खुर्ची तीच, आकाशही तेच. मग वाढलं काय?"

बाईंनी उसासा टाकला. दिवसभर हेच सांगून त्यांच्या तोंडाला फेस यायचा. "आकाशच तर तेच राहिलं नाही. मधल्या मुलखात भांडणं लागलीत, तिथून विमानं जात नाहीत. लांबचा वळसा पडतो. वळसा आला की इंधन जास्त, आणि इंधन आधीच महाग. त्यात आपला पैसा त्यांच्या पैशापुढे रोज थोडा थोडा बारीक होतोय. व्हिसाची फी वाढली ती वेगळीच. आणि तुम्ही जाणार शाळेच्या सुट्टीत. तेव्हा सगळं जगच पोराबाळांना घेऊन घराबाहेर पडतं. आपली सुट्टी ती कंपन्यांची सुगी."

"मुलीचं तिकीट तरी अर्धं असेल ना?"

"बारा पूर्ण झाली ना ती? बारा झाली की विमानात मोठी."

"घरात अजून दिवा चालू ठेवून झोपते," मास्तर म्हणाले आणि उठले. उठताना खुर्चीतली स्प्रिंग कुरकुरली. "ही खुर्ची दुकानात पाठवून द्या. टोचते."

"इथे बसणाऱ्याला खुर्ची टोचतेय हे कळतच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पहिलेच."

जायचं होतं ते ताईकडे. ताई मास्तरांपेक्षा बरीच मोठी. आई कारखान्यात पाळीवर जायची, त्यामुळे धाकट्या भावाला कडेवर वागवलं, भरवलं, रागावलं ते ताईनेच. या दांडग्या माणसाला 'चिमण्या' म्हणणारं जगात आता तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. लग्नानंतर ती समुद्रापलीकडच्या देशात गेली. दाजी तिथे बस चालवायचे, ताई एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. दर रविवारी फोन व्हायचा, थट्टामस्करी चालायची. पण नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताई आली नव्हती. "रजा मिळत नाही रे," एवढंच ती म्हणाली होती. मास्तर "बरं" म्हणाले होते. ते 'बरं' तेव्हापासून घशात काट्यासारखं अडकलं होतं. कुणाला दिसत नव्हतं, पण गिळताना लागायचं.

बायकोला मात्र ते ठाऊक होतं. ती दवाखान्यात नर्स. झाकून ठेवलेली जखम चिघळते, हे ती पेशंटला सांगायची तसं नवऱ्यालाही. परदेशी सहलीची टूम तिनेच काढली होती. ती जादा ड्यूट्या करत होती, मास्तर सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडत होते, आणि पैसे साठले असं वाटेपर्यंत तिकिटं चार पावलं पुढे गेलेली असायची.

"मग तुम्ही एकटेच जाऊन या," त्या संध्याकाळी बायको म्हणाली.

"सहलीला कोणी एकटं जातं का?"

"सहल नका म्हणू त्याला. बहिणीला भेटून या."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. "मी अजून अकराचीच आहे असं सांगितलं तर?"

"पासपोर्टावर तुझ्या बापाची कात्री चालत नाही," तिची आई म्हणाली.

मास्तरांनी हट्ट धरला. गेलो तर तिघं, नाहीतर कोणीच नाही. आणि तसं ठरल्यावर त्यांना आतून सुटल्यासारखं वाटलं. ताईच्या समोर बसलो असतो तर ते जुनं कधीतरी ओठांवर आलंच असतं. आता ती वेळच येणार नव्हती. या सुटकेची त्यांना जरा लाजही वाटली.

रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला.

"ताई, यंदा जमेलसं दिसत नाही. म्हणजे, कामं फार आलीत. म्हणजे एका हॉटेलच्या सगळ्या खुर्च्या करायच्यात. म्हणजे, दुकान बंदच ठेवता येणार नाही..."

बोलता बोलता ते थबकले. आपण काय बोलतोय हे त्यांना एकदम ऐकू आलं. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून केलेली ही घाई त्यांच्या ओळखीची होती. रजा मिळत नाही रे. तीही अशीच घाईने म्हणाली होती. हॉटेलच्या खुर्च्या तर कुठेच नव्हत्या. मग ताईची ती रजा?

आई अचानक गेली. म्हणजे तिकीट काढायचं तर त्याच दिवशीचं, मागतील त्या किमतीला. आणि त्याच सुमारास दाजींची नोकरी सुटली होती, हे नंतर उडत उडत कानावर आलं होतं. या दोन गोष्टी मास्तरांनी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या.

"चिमण्या, आहेस ना?" ताई म्हणाली. "अरे, काही हरकत नाही. काम आधी. मीच येणार होते तिकडे. म्हणजे, बघत होते. म्हणजे, इकडेही माणसं कमी आहेत ना..."

"ताई," मास्तर म्हणाले, "आई काय म्हणायची आठवतंय? माझी पोरं खोटं बोलायला लागली की 'म्हणजे' फार म्हणतात."

 पलीकडे ताईला हसू फुटलं. "परवडत नाही रे," ती म्हणाली.

"आम्हालाही नाही."

समुद्राच्या दोन काठांवर बसून दोघं भावंडं पोट धरून हसली. फोन ठेवून मास्तर दुकानात गेले आणि तिकीटवाल्या बाईंची ती टोचणारी खुर्ची उलटी करून स्प्रिंग बदलायला बसले. 

दोन दिवसांनी ते दुरुस्त केलेली खुर्ची द्यायला तिकीटवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी बसून बघितलं, पाठ टेकून बघितली आणि सहज विचारलं, "मग बहिणीला काय सांगितलंत?" मास्तर एरवी बोलले नसते, पण त्या दिवशी सगळं बोलून गेले. शेवटी म्हणाले, "तिला इकडे येणं परवडत नाही, आम्हाला तिकडे."

"तिकडे कशाला जाताय? मधे भेटा की," बाई म्हणाल्या. "विमान बदलायला लोक उतरतात ना, त्या शहरात. तुमच्या सुट्टीच्या महिन्यात तिथे ऊन असं की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. म्हणून सगळं स्वस्त. बघायला म्हणाल तर काही नाही."

"आम्हाला कुठे बघायचंय," मास्तर म्हणाले.

असे ते तिघं एका भलत्याच शहरात उतरले. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच उन्हाने थोबाडीत दिली. कठड्यापाशी ताई उभी होती. ती मास्तरांच्या आठवणीतल्यापेक्षा बरीच लहान झाली होती आणि केस सगळे पांढरे. फोनच्या पडद्यावर हे कधी दिसलंच नव्हतं. तिने मान वर करून भावाकडे बघितलं.

"हे पोट कुठून आणलंस रे चिमण्या?" एवढं म्हणून तिने डोकं त्याच पोटावर टेकवलं. दाजी उगाचच बॅगा मोजायला लागले.

भाड्याने घेतलेलं घर म्हणजे दोन खोल्या, तिसरा मजला, खाली कपडे धुण्याचं दुकान. एसी दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. दिवसभर बाहेर पडायची सोयच नव्हती. लेक पहिल्या दिवशी तोंड फुगवून बसली. दुसऱ्या दिवशी आत्याने तिला बापाच्या लहानपणीच्या करामती सांगायला सुरुवात केली, तशी ती आत्याला चिकटली ती चिकटलीच. "बाबा, तुम्ही खरंच उशीत पोळी लपवायचात?" असले प्रश्न यायला लागले आणि मास्तरांचा दरारा गेला तो गेलाच. बायको आणि दाजी पत्ते खेळायचे. दाजी हरायचे आणि पत्त्यांना दोष द्यायचे. उन्हं उतरली की सगळे खाली जाऊन सरबत प्यायचे आणि परत वर यायचे. सहल ती एवढीच.

निघायच्या आदल्या दिवशी ताई ओट्याशी कांदा चिरत होती. मास्तर शेजारी जाऊन उभे राहिले.

"ताई, आई गेली तेव्हा रजेचा प्रश्न नव्हता ना?"

सुरी थांबली. ताईने वर बघितलं नाही. "यांचं काम गेलं होतं. पाच जणांकडे मागितले. जमेपर्यंत सगळं उरकलं होतं तुमचं." मग ती हळूच म्हणाली, "रजा नाही म्हटलं की माणूस कामाचा वाटतो. पैसे नाहीत कसं सांगायचं? परदेशात राहणारी बहीण ना मी."

"मी तुझ्यावर रागावलो होतो."

"मला माहीत होतं. रागावणारच. आईला खांदा तू एकट्यानेच दिलास."

 मास्तरांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेला कांदा स्वतः चिरायला घेतला. रेघ मारल्यासारखे एकसारखे काप. पदर नव्हता म्हणून ताईने बाहीलाच डोळे पुसले आणि म्हणाली, "जाड होतायत." तेवढ्यात घशातलं ते जुनं कधी निघून गेलं, मास्तरांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचं विमान आधी होतं. ताई दोरी आडवी येईपर्यंत बरोबर चालत आली. लेक दोनदा मागे पळत जाऊन तिला बिलगून आली, आणि तिथला पहारेकरी रागवायचं सोडून दुसरीकडे बघत राहिला.

विमान वर गेल्यावर बायकोने विचारलं, "लोक विचारतील, काय काय बघितलंत. काय सांगायचं?"

"सांगू, ऊन फार होतं," मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला. त्यांचं जड डोकं बायकोच्या खांद्यावर कललं. खांद्याला मुंग्या आल्या, पाणी विचारणारी मुलगी येऊन गेली, खिडकीशी लेकीलाही झोप लागली. घर जवळ येईपर्यंत बायकोने खांदा हलवला नाही.