बाजूला सारलेला भात

हर्षाने आईच्या दुसऱ्या मनगटावरचीही पट्टी सोडली. गाठ इतकी पक्की होती की दातांनी ओढावी लागली. खाली कातडीवर लाल वळ होता. बायाबाईंनी मोकळा हात वर धरून उलटसुलट पाहिला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पोटावर ठेवून दिला.

"काहून सोडलं?" प्रफुल्ल दारातून म्हणाला. त्याच्या हातात पेजेची वाटी होती.

"नळी तं निघाली. आता कायले बांधून ठेवतं? माय हाय ते, ढोर नाही."

नाकातली नळी बायाबाईंनी काल उपसून काढली होती, तीही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळेनंतर हात बांधले, तर उशीवर गाल घासून घासून नळी सोडवली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं. डिमेन्शियात शेवटी माणूस गिळणंही विसरतो. नळी पुन्हा घालता येईल, पण हात रात्रंदिवस बांधावे लागतील, आणि नळीने दिवस वाढतीलच असं नाही. नाही घातली तर तोंडाने जाईल तेवढंच. घरच्यांनी ठरवा, म्हणाले. सांगणाऱ्याचं काय जातं? ठरवणाऱ्यांना त्याच घरात राहायचं असतं.

नळी पुन्हा घालायचीच, असं प्रफुल्लचं ठरलं होतं. भंडाऱ्याला न्यायला उद्या सकाळची गाडीही त्याने सांगून ठेवली होती. थोरली हर्षा आंधळगावहून आली ती नळी नको म्हणायलाच, आणि सकाळपासून दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे न पाहता बोलत होते.

"तू उद्या आपल्या घरी जाशीन," तो म्हणाला. "मले इथंच राहाचं हाय. ढोलीत धान भरून हाय अन् पोरानं मायले उपाशी मारलं, हे आयकू का मी जन्मभर?"

"बोलणाऱ्याचं तोंड कोन धरते? तिच्या हाताकडं पाय ना."

त्याने पाहिलं नाही. खाटेच्या कडेला बसून चमचा भरला. लाखनीच्या हायवेवर दिवसभर ट्रकचे टायर उचलणारा गडी, पण चमच्यातली पेज त्याने आधी फुंकून निववली.

"माय, आ कर. मी हाव, प्रफुल्ल."

बायाबाईंनी तोंड उघडलं. पेज आत गेली, गालात थांबली आणि ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आली. त्याने पुसली, पुन्हा भरवली. या वेळी ठसका लागला. डोळे पांढरे झाले, छाती भात्यासारखी हलू लागली. हर्षाने आईला कुशीवर वळवून पाठ चोळली. ठसका हळूहळू थांबला.

"गीळ ना वं माय," प्रफुल्ल एकदम ओरडला आणि लगेच रडायला लागला. "एवढं कायले छळतं मले?"

रडून झाल्यावर तो उठून आत गेला. परत आला तो आईचं ताट घेऊन. त्यात मऊ भात, वरून घट्ट वरण, शेजारी पाण्याचा गिलास.

"चमच्यानं कधी जेवली ते? लहान लेकरावानी भरवून राहिलो आपन. तिच्या हातानं खाईन."

हर्षा नको म्हणणार होती, पण त्याचा चेहरा पाहून ती आईला उचलायला पुढे झाली. दोघांनी मिळून आईला भिंतीला टेकवून बसवलं आणि ताट मांडीवर ठेवलं.

बायाबाई बराच वेळ भाताकडे पाहत राहिल्या. मग बोटं भातात गेली. प्रफुल्ल पुढे सरकला. बोटांनी भात कालवला नाही. सगळा भात हळूहळू एका कडेला सारला, शितंही वेचून त्यात लावली, अर्धं ताट मोकळं केलं. मग डाव्या हाताने गिलास उचलला. तो डुगडुगत होता, हर्षाने खालून आधार दिला. मोकळ्या जागेत, भाताला थेंबही लागू न देता, त्यांनी उजव्या हातावर पाणी ओतलं, बोटं एकमेकांवर चोळली आणि ओला हात पदराला पुसला. ताट थोडंसं प्रफुल्लकडे ढकललं. मग डोळे मिटले.



"सवयीनं धुतले असन," हर्षाच म्हणाली. आता तिलाच भीती वाटू लागली होती. "तिले काय समजून राहिलं, प्रफुल्ल? तू नाराज नोको होऊ. जाऊ उद्या. पाहू अजून एकदा नळी घालून."

प्रफुल्ल ताटाकडे पाहत होता.

"मायनं हात धुतल्यावर तिच्या ताटात कोनी वाढलं का आजवर? बाबानं तरी वाढलं?"

हर्षाने नकाराची मान हलवली.

"मंग आपन कोन?"

"अन् तिनं मांगितलं तं?"

"मांगन तं देऊ. पानी देऊ, पेज देऊ, जे मांगन ते. ओठ ओले ठेवू. जबरदस्ती नाही करू."

त्याने खिशातून फोन काढून गाडीवाल्या भैयालालला लावला.

"भय्या, उद्या येऊ नोको."

"काहून? बरी झाली का माय?"

"नाही."

मग भैयालाल म्हणाला, "बरं," आणि त्यानेच फोन ठेवला.

प्रफुल्लने आईच्या मांडीवरचं ताट उचललं. हात धुतलेलं पाणी कडेने अलगद बाहेर ओतलं, खाली मांडी घातली आणि तिने सारून ठेवलेला भात खायला सुरुवात केली. अर्धा झाल्यावर त्याने ताट हर्षाकडे सरकवलं. तीही त्याच्या शेजारी खाली बसली.