यंजमाआजीचं मत

मित्रांनो, पत्र्याची, आकाशी रंगाची आणि खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली मी एक मतपेटी आहे. शाळेत मोठ्या टेबलावर बसतात त्या पेट्यांतली मी नव्हे. मी फिरती. जी म्हातारी, आजारी माणसं तालुक्याच्या गावापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्या तंबूपर्यंत मी जाते. माझी गोष्ट सांगायला बसले आहे, पण आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोड गोष्ट हवी असेल तर मी पडून असते त्या अडगळीच्या कोठीत कोपऱ्यात एक जुनं खोगीर पडलं आहे, त्याला विचारा. ते कधीकाळी एक शर्यत जिंकलं आणि अजून तेच सांगत असतं.

माझा जन्म आमच्या राजधानीत, उलानबातरमधल्या एका साध्या कारखान्यात झाला. तिथे चुलीची धुरांडी आणि पत्र्याच्या पेट्या बनत. ज्या वर्षी आमच्या देशात मताच्या कागदावर पहिल्यांदा एकाहून जास्त नावं आली, त्याच वर्षी मला घडवलं. माझी फट कापणाऱ्या कारागिरानं तिच्या कडा कानशीनं गुळगुळीत केल्या आणि त्यावरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. मग त्यानं मला रंग दिला आणि ट्रकमध्ये चढवलं.

ते दिवस मी विसरणार नाही. मला घोड्यावर बांधून नेत. तंबूतली माणसं रेशमी अंगरखे घालून, छातीवर पदकं लावून माझी वाट बघत बसलेली असत. अंथरुणावरून उठता न येणाऱ्या बायकासुद्धा केस विंचरून घेत. मला दाराशी कुणी ठेवत नसे. देवांच्या आणि पाहुण्यांच्या मानाच्या जागी, तंबूच्या उत्तरेला मला बसवत. एका म्हाताऱ्यानं तर चहाचा पहिला वाडगा माझ्यापुढे ठेवला होता. मला तोंड नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी ठेवला.

मग निवडणूक संपली की मी या कोठीत यायची. नाटकाचे मुखवटे, फाटलेले पडदे, उंदीर आणि मी. कुणीतरी एकदा गरम किटली माझ्या पाठीवर ठेवली, त्याचा गोल डाग अजून आहे. त्याचा मला राग नाही. वस्तूंच्या वाट्याला असं येतंच. माझा राग त्या दोघांवर आहे, ज्यांनी देशाचा अध्यक्ष व्हायचं म्हणून हात पसरले. आणि दुसरा राग कशावर, ते पुढे कळेल.

त्या दोघांची खरी नावं मी घेणार नाही. आमच्याकडे सगळे त्यांना खाणवाला आणि गवतवाला म्हणत. खाणवाला मंत्री असताना त्याच्या सहीनं डोंगरात खाण सुरू झाली आणि खालच्या खोऱ्यातला झरा आटला. गवतवाला गोदामांचा मालक. ज्या भयंकर हिवाळ्यात जनावरं उभ्या जागी गोठून मरत होती, त्या हिवाळ्यात सरकारनं पाठवलेलं गवत त्याच्या गोदामात उतरलं आणि मागच्या दारानं विकलं गेलं. पहिल्या फेरीत बरेच जण उभे होते, पण निम्मी मतं कुणालाच मिळाली नाहीत. म्हणून दुसऱ्या फेरीत पहिले दोघेच उरले. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या माणसांत, हे दोघे!

मतदानाच्या आदल्या दिवशी मला जीपमध्ये घालून निघाले. गाडी चालवायला दामदिन हवालदार आणि माझी जबाबदारी ओदोनबाईंकडे. त्या शाळेत शिकवतात आणि निवडणुकीचं काम त्यांच्या गळ्यात पडतं. सगळे तंबू करून शेवटी आम्ही यंजमाआजीकडे पोहोचलो.

यंजमाआजी मला पहिल्यापासून ओळखते. दर वेळी ती निळं रेशीम घालून बसायची. गेल्या हिवाळ्यात घोड्यावरून पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं आणि डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. त्या दिवशी ती शेणकुटं गोळा करायच्या मळक्या अंगरख्यात बसली होती. ओदोनबाईंनी विचारलं, "आजी, आज रेशीम नाही?"

"कुणासाठी घालू?" आजी म्हणाली. "त्या दोघांसाठी? त्यांना हा शेणाचा वासच पुरे."

तंबूत आणखी दोघं होती. एक तिची सून सेवजिद. तिचा नवरा रेंचिन, म्हणजे आजीचा एकुलता मुलगा, त्या हिवाळ्यात गोदामावर गवत आणायला गेला होता. गोदामाला कुलूप होतं. परत येताना तो वादळात सापडला आणि बर्फ वितळल्यावरच मिळाला. दुसरा चोइजिल, आजीच्या भावाचा मुलगा. त्याची घोडी झऱ्यावर जगत होती. झरा आटला तशी ती चिखल चाटत मेली. दोघांचे तंबू आजीच्या तंबूला लागून होते, आणि मोडक्या कंबरेची म्हातारी त्यांच्याच जिवावर हिवाळा काढत होती.

"आई," सेवजिद म्हणाली, "एकच सांगते. गवतवाल्याला मत गेलं तर मी माझी मेंढरं घेऊन माहेरी चालले. रेंचिन तुमच्या पोटचा होता, माझ्या नव्हे."

"वा गं वा!" चोइजिल उसळला. "म्हणजे खाणवाला चालेल का? आत्या, त्याला मत दिलंस तर माझा पण तंबू उद्या इथून उठला म्हणून समज. तुझ्या आज्यापणज्यांनी त्या झऱ्याला दूध वाहिलं. आता तिथे बेडूक पण मरत नाही, कारण उरलाच नाही."

"तुझी घोडी गेली. माझा माणूस गेला."

"मी काय म्हटलं, नाही गेला? पण झरा गेला म्हणजे पुढची सगळीच गेली की!"

दोघांचंही खरं होतं. त्याचीच मला चीड आली. चोर दोन, आणि भांडत कोण होतं, तर ज्यांच्या घरी चोरी झाली ते. खाणवाला आणि गवतवाला त्या वेळी कुठल्यातरी थंड खोलीत जेवत असतील.

दामदिन हवालदार तसा भला माणूस. त्यानं चहाचा घोट घेत तोंड घातलंच. "आजी, तिसरी वाट आहे ना. काही खूणच करू नका. कोरा कागद टाका. कोरे जास्त निघाले तर दोघंही घरी बसतील आणि नवी माणसं उभी राहतील. शहरातली पोरं तेच करतायत. आपण नाही का, दोन्ही शिंगरं वाईट निघाली की दोन्ही खच्ची करत?"

"करतो ना. आणि मग कळप राखायला नर घोडा उरत नाही आणि लांडगे येऊन शिंगरं फाडतात. तुला काय माहीत? कळप तुझ्या बापानं राखला, तू शिट्ट्या फुंकल्यास." आजीनं वाडगा खाली ठेवला. "कोरा कागद टाकू? पोरगा गेला, झरा गेला, आणि तरी यंजमाला काही म्हणायचं नव्हतं? तसं मी कुणाला म्हणू देणार नाही. शहरातल्या पोरांचं ती बघतील. मी दोघांतल्या एकाच्या छातीवर माझा अंगठा दाबणार आणि सांगणार, तुला मी आणलंय, आता माझ्या समोर उभा राहा."

ओदोनबाईंनी कागद काढला. पण आजीला कागद नुसता पांढरा ढग दिसत होता.

"आजी, दिसत नसेल तर मदतीला एक माणूस घेता येतं. तसा नियम आहे. कुणाला घेता?"

सेवजिद आणि चोइजिल दोघंही एकदम पुढे सरकली.

आजी हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "एकाला घेतलं की दुसऱ्याला उत्तर मिळालंच. ज्यानं हा नियम केला त्याच्या घरी माणसं कमी असावीत."

"मग मी करते मदत," ओदोनबाई म्हणाल्या.

"तू भली आहेस गं, पण तू दहा तंबूंत चहा पितेस. तुलाही तोंड आहे." आजीनं उशीखाली हात घालून मेंढीच्या घोट्याची दोन हाडं काढली. आमच्याकडे मुलं त्यांनी खेळतात. घोडा, उंट, मेंढी, बोकड अशा त्यांच्या चार बाजू असतात आणि बोकड पडला की खेळणाऱ्याचं तोंड उतरतं. "हे वरच्या नावापुढच्या, खूण करायच्या गोलाशेजारी ठेव. हे खालच्या. वर कोण, खाली कोण, मोठ्यानं वाच म्हणजे सगळे ऐकतील. आणि दोन्ही हाडं बोकडाच्या बाजूनं ठेव. घोडा-उंट काही त्यांच्या वाट्याला येत नाही."

ओदोनबाईंनी तसं केलं. वर खाणवाला, खाली गवतवाला. त्यांनी खिशातलं सरकारी पेन काढून आजीच्या हातात दिलं.

"आता सगळ्यांनी पाठ करा," आजी म्हणाली. "बाई, तू पण. हवालदार, तू पण."

चौघांनीही भिंतीकडे तोंड केलं. चोइजिलची मान जराशी वळली, तर दामदिननं त्याचा कान धरून ती जागेवर आणली. त्या गोल तंबूत आजीकडे कुणीही बघत नव्हतं. मला डोळे नाहीत, पण मी समोर होते आणि मला सगळं कळत होतं. आजीनं एका हाडावर बोट ठेवलं, काढलं, दुसऱ्यावर ठेवलं. मग ती हळूच काहीतरी म्हणाली. कुणाला उद्देशून, ते मी सांगणार नाही. तिनं दातओठ खाऊन पेन दाबलं, एकदा, पुन्हा एकदा. मग हाडं बाजूला केली, कागदाची घडी घातली, चाचपडत माझी फट शोधली आणि कागद आत सोडला.

"झालं," ती म्हणाली. "आता ज्याला तंबू उपटायचा असेल त्यानं कशावरून उपटायचा ते आधी ठरवावं. चहा निवतोय."

मित्रांनो, त्या क्षणी मला तिचा केवढा अभिमान वाटला! सेवजिद तिच्याकडे बघत राहिली, चोइजिल माझ्याकडे, पण विचारायची हिंमत कुणाची झाली नाही. कुणाला मत गेलं हेच ठाऊक नसेल तर रागावून जाणार कुठे? दोन चोरांनी तिला अशा पेचात धरलं होतं, की काहीही केलं तरी घर मोडणार. तिनं घर वाचवलं आणि मतही दिलं.

आणि मग माझ्या पोटात तो कागद उलगडला.

त्यावर शाई नव्हती.

खाच होती. एका गोलात, खोल, दोनदा दाबलेली. पण शाईचा ठिपका नाही. त्या दिवशीचे आधीचे कागद माझ्या पोटातच होते. सकाळच्या खुणा ठसठशीत होत्या, दुपारच्या फिकट, आजीच्या आधीच्या तंबूतली तर जेमतेम उमटलेली. पेन दिवसभर संपत आलं होतं आणि कुणीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. डोळस माणूस असता तर लगेच म्हणाला असता, अहो, हे उमटत नाहीये. आजीला कसं दिसणार? आणि ज्यांना दिसलं असतं ती चौघंही तिच्या मताचा मान राखत भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी ओरडले असते हो. पत्र्याच्या पेटीला ओरडता येत नाही. येताना जीप खडकांवरून आदळत होती आणि मी नुसती खडखडत होते. दामदिन म्हणाला, "हिचा एक खिळा सैल झालाय वाटतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेत मोजणी झाली. आजीचा कागद वर धरून कुणीतरी म्हणालं, "कोरा!" मागच्या बाकावरची दोन पोरं खूश झाली. एक म्हणाला, "बघा, खेड्यातली माणसं पण शहाणी झाली." कागद कोऱ्यांच्या गठ्ठ्यात गेला. त्यावर बोट फिरवून बघावं असं एकालाही वाटलं नाही. शेवटी कागदपत्रांवर सही करताना ओदोनबाईंनी तेच पेन काढलं. ते उमटेना. त्यांनी ते झटकलं, केराच्या टोपलीत टाकलं आणि शेजाऱ्याचं मागून घेतलं. त्यांच्या मनात दुसरं काही आलं नाही.

कोरे कागद पुरेसे निघाले नाहीत. त्या दोघांतला एक निवडून आला. कोण, ते विचारू नका. दुसरा आला असता तरी मी एवढीच चिडले असते.

मी परत कोठीत आले. थंडी सुरू व्हायच्या आधी ओदोनबाई आणि दामदिन मुखवटे काढायला इथे आले होते. बाई सांगत होत्या, "परवा यंजमाआजीकडे जाऊन आले. सेवजिद आणि चोइजिल दोघंही तिथेच आहेत, हिवाळ्यासाठी गवत रचतायत. पण आजी काही बरी नाही रे."

"काय झालं? कंबर?"

"कंबर नाही. रोज सकाळी देवांना दूध शिंपडताना रडते. म्हणते, मी माफी मागते. मी म्हटलं, कुणाची? रेंचिनची की झऱ्याची? तर म्हणाली, 'ते तुला सांगितलं म्हणजे मत सांगितल्यासारखं होईल. दोघांतल्या एकाला मी त्या दिवशी विकलं, एवढं माझं मला ठाऊक.'"

दामदिननं सुस्कारा टाकला. दोघं मुखवटे घेऊन निघून गेली आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ऐकलंत ना? ती म्हातारी रोज माफी मागते आहे, आणि तिचं मत कुठेच नोंदलं गेलेलं नाही. तिनं कुणालाही विकलं नाही. हे तिला सांगू शकेल असं जगात कुणी नाही. मी आहे, पण मी पेटी आहे. आणि खरं सांगू? मला वाचा असती, तरी मी कुठल्या तोंडानं सांगितलं असतं? आजी, रडू नकोस, तुझं मत मोजलंच नाही, असं?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल, कुणाला द्यायला मदतही कराल. चोर उभे राहिले तर त्यांच्यावर चिडा, भांडा, हवं तर तुम्ही स्वतः उभे राहा. ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त एवढंच मागते. कुणाच्या हातात पेन द्याल, तेव्हा आधी स्वतःच्या तळहातावर एक रेघ ओढून बघा. उमटते का ते बघा. मग खुशाल पाठ फिरवा.